धान फुलायची वेळ

धानाला फूल येतं, हे मला लग्न होईपर्यंत ठाऊक नव्हतं. माझं माहेर माजरीकडचं, कोळसा खाणीच्या वसाहतीतलं. अंगणात तुळस आणि सदाफुली, दोन्हींच्या पानांवर काळी भुकटी. बारावीला जीवशास्त्रात फुलझाडांच्या प्रजननाचा धडा होता. आमच्या सरांनी फळ्यावर पुंकेसर आणि स्त्रीकेसराची एक आकृती काढली, मुलींच्या बाकांकडे न बघता "बाकी घरी वाचा" म्हणाले आणि पुढच्या धड्याला लागले. मी वाचलं, परीक्षेत लिहिलं आणि विसरून गेले.

सासर मिळालं सावली तालुक्यातलं. घरात माझा नवरा, भासरे म्हणजे त्याचे थोरले भाऊ, आणि मोठी जाऊ. सासू-सासरे आधीच गेलेले. जाऊला मी 'बाई' म्हणत असे. अंगाने काटक, बोलायला कमी, आणि एकदा नाही म्हणाली की नाहीच. भासऱ्यांशी मी थेट बोलत नसे. काही सांगायचं झालं तर बाईंच्या तोंडून. आमची चार बांद्यांची, म्हणजे बांध घातलेल्या चार तुकड्यांची, शेती नाल्याच्या काठाला होती आणि नाल्याच्या पलीकडे लगेच जंगल सुरू व्हायचं. लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात भासऱ्यांनी एका बियाण्याच्या कंपनीचं काम धरलं. साधं धान नाही, बियाण्याचं धान. कंपनीचा एक सुपरवायजर आठवड्याला मोटरसायकलवरून यायचा. तेलंगणातला, तरुण, नेहमी घाईत. आम्हा दोघींना 'अक्का' म्हणायचा आणि हिंदी-मराठी-तेलुगू एकत्र करून बोलायचा.

रोवणा, म्हणजे लावणी, झाला तेव्हाच वेगळेपणा दिसला. दोन ओळी एका जातीच्या, मग आठ ओळी दुसऱ्या जातीच्या, पुन्हा दोन, पुन्हा आठ. गावात सगळे त्यांना मेल आणि फिमेल म्हणायला लागले. फिमेलच्या ओळी बुटक्या, मेलच्या उंच. सुपरवायजरने बांदीत उभं राहून समजावलं की साध्या धानाच्या फुलात नर आणि मादी दोन्ही एकाच टरफलात राहतात, त्यामुळे त्याला दुसऱ्या कोणाची गरज पडत नाही. पण ह्या आठ ओळींच्या फुलात नराचा भाग असतो तो रिकामा. पराग बनतच नाही. तो शेजारच्या ओळीतून यावा लागतो.

बाई म्हणाल्या, "म्हनजे ह्या धानाले बापच नाई?"

"बाप बाजू में खडा है, अक्का."

"तो काही चालून येत नाई."

"इसलिए तो फूल आने पर रस्सी घुमानी है," तो म्हणाला.

आमच्या खालच्या अंगाला एका म्हाताऱ्यांची बांदी होती. त्यांचं धान आमच्याबरोबर फुललं तर त्यांचा पराग वाऱ्याने आमच्या फिमेलवर येणार आणि बी बिघडणार. म्हणून भासरे त्यांना सांगायला गेले की ह्या साली तुम्ही भारी धान लावा, ते उशिरा निसवतं, लोंब उशिरा टाकतं. म्हातारे आमच्या ओसरीवर येऊन बसले, चहा प्याले आणि खूप हसले. "तुह्या धानाची सोयरीक मोडंन म्हनून मी माह्यं धान बदलवू काय रे?" पण त्यांनी बदललं. शेजार म्हणून बदललं. त्यांची बायको मागाहून बाईंना म्हणाली, आमच्या म्हाताऱ्याले कोनी मोठं मानलं का तो काहीही करते.

पोळा होऊन गेला. धान गर्भात आलं, म्हणजे लोंब पानाच्या पोटात धरली. आमचं काम वाढलं. फिमेलची लोंब पोटातून पूर्ण बाहेर येत नाही, अर्धी पानाच्या वेष्टणात अडकून राहते, म्हणून औषध फवारलं. मग विळ्याने प्रत्येक रोपाचं वरचं पान छाटलं, उडणारा पराग पानावर अडून वाया जाऊ नये म्हणून. बांदीभर शेंडे छाटलेलं ते धान मला बघवत नव्हतं. केस कापलेल्या बायांच्या ओळी उभ्या केल्यासारख्या दिसत होत्या. त्याच आठवड्यात शेजारच्या गावातली एक बाई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गवत कापायला गेली आणि परत आली नाही. माणसं शोधायला गेली तेव्हा विळा सापडला, मग लुगडं, आणि पुढे जंगलाच्या तोंडाशी ती.

वनखात्याची गाडी भोंगा लावून फिरली. एकट्याने शेतात जाऊ नका, वाकून काम करू नका, दिवस मावळायच्या आत घरी या. आमच्याकडे वाघाला वाघ म्हणत नाहीत, निदान शेताचं काम चालू असताना तरी. जनावर म्हणतात. त्या दिवसांत चुलीपाशी, विहिरीवर, किराण्याच्या दुकानात, एकच बोलणं. जनावर नाल्यात दिसलं. जनावर रस्त्याने गेलं. ऐन त्याच वेळी आमचं धान फुलायला लागलं.

पहिलं फूल मला बाईंनी दाखवलं. सकाळचे दहा वाजून गेले होते, दव सुकलं होतं. त्यांनी मेलच्या ओळीतली एक लोंब हातात धरून माझ्याजवळ आणली. प्रत्येक दाणा म्हणजे एक टरफल, आणि ते मधोमध उकललं होतं, चोच उघडावी तसं. आतून पिवळ्या बारीक पिशव्या धाग्यांवर लोंबत होत्या. बाईंनी टिचकी मारली आणि त्यातून धूर निघावा तशी पिवळी भुकटी उडाली. मग त्यांनी फिमेलची लोंब ओढली. तिची टरफलंही उघडली होती, पण आतल्या पिशव्या पांढरट, सुकलेल्या. आणि दोन्ही बाजूंनी पिसासारखे दोन इवले तुरे बाहेर आले होते. पराग त्या तुऱ्यांवर पडायचा असतो. तिथे तो रुजतो आणि आत उतरतो, मग दाणा भरायला लागतो. बारावीत पाठ केलेलं सगळं मला तिथे उभ्या उभ्या आठवलं.

साध्या धानाचं फूल तासाभरात मिटतं. पराग मिळाला की टरफल बंद. फिमेलचं फूल मात्र मिटत नाही. ज्याला पराग मिळाला नाही ते दुपार झाली तरी तसंच उघडं राहतं. आम्ही जेवायला घरी निघायचो तेव्हा हजारो टरफलं आ करून असायची आणि माझ्या पाठीला ते जाणवत राहायचं.

काम सोपं होतं. एका धुऱ्यावर मी, समोरच्या धुऱ्यावर बाई, आणि मध्ये लांब नायलॉनची दोरी. दोघींनी एका चालीने पुढे जायचं, दोरी लोंबांवरून फिरवायची. मेलच्या लोंबा हलल्या की पिवळा धुरळा उठायचा आणि शेजारच्या आठ ओळींवर बसायचा. बांदीच्या टोकाला पोचलो की थोडं थांबायचं आणि परत यायचं. दहापासून बारापर्यंत, फुलं उघडी असेतोवर. नवरा आणि भासरे वरच्या धुऱ्यावर टिनाचे डबे घेऊन उभे राहायचे आणि मधून मधून वाजवायचे. सुपरवायजर म्हणाला होता, मेलचा पराग हवेत पाच मिनिटं जगतो. मेलेला पराग पडला काय आणि न पडला काय, सारखंच.

पहिले काही दिवस ठीक गेले. मग खुणा दिसायला लागल्या. नाल्याच्या वाळूत पाऊल. भासऱ्यांनी त्यावर हात ठेवून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी घरून कुऱ्हाड घेऊन आले. एकदा पलीकडच्या अर्जुनाच्या झाडावरची वानरं एकाएकी खोकल्यासारखी ओरडायला लागली आणि आम्ही चौघं जागच्या जागी उभे राहिलो. मग ती गप्प झाली. ती गप्प झाल्यावर जास्त भीती वाटली. एका सकाळी आमच्याच खालच्या बांदीत धान एका रेषेत वाकलेलं दिसलं, कोणीतरी मधून चालत गेल्यासारखं. रेषा आत गेली होती. बाहेर आलेली कुठे दिसत नव्हती.

"रानडुक्कर असंन," माझा नवरा म्हणाला.

"डुक्कर धान खाते. हे खाल्लेलं नाई," बाई म्हणाल्या.

पण त्या दिवशी फुलोरा ऐन भरात होता. भासरे म्हणाले, दोन फेऱ्या मारून निघू. आम्ही दोरी धरली.

ऊन चढलं होतं, वारा पडला होता. दोरी अर्ध्या बांदीपर्यंत गेली आणि अडली. दोरी कधी कधी लोंबांत गुंतते. थोडी वर उचलून झटका दिला की सुटते. मी झटका दिला. ती सुटली नाही. मला वाटलं झुडुपात अडकली, आणि लगेच लक्षात आलं की धानाच्या बांदीत झुडूप कुठून येईल. मी पुन्हा हलकेच ओढली. तेव्हा दुसऱ्या बाजूने, म्हणजे मधूनच, कोणीतरी दोरी ढकलली. जोरात नाही. झोपलेल्या माणसाने तोंडावरची माशी हाताने बाजूला करावी इतकीच. ते माझ्या मुठीत आलं.

मी समोर बघितलं. बाई थांबल्या होत्या. त्यांचा चेहरा लांबून दिसत नव्हता, पण त्या ज्या प्रकारे उभ्या होत्या त्यावरून त्यांनाही कळलं होतं.

"दोरी ढिली सोड," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा, जणू चुलीवरचं दूध बघ म्हणतायत. "खाली वाकू नोको. मांगं मांगं ये. पाठ फिरवू नोको वो."

माझ्या हातून दोरी सुटत नव्हती. बोटं उघडतच नव्हती. मधल्या फिमेलच्या ओळी हलल्या आणि धानाच्या वर एक डोकं आलं. कान, कपाळ, आणि दोन्ही गालांवर पिवळी भुकटी बसलेली. आमचाच पराग. तिने माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे, मग पुन्हा माझ्याकडे. ती वाघीण आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं, असं नंतर वाटत राहिलं. ती नुसती आमचं अंतर बघत होती.

वरून डबे वाजायला लागले. भासरे ओरडले, नवरा ओरडला. ती वळली आणि धानातून खालच्या अंगाला गेली, धावत नाही, चालत. लोंबा हलत गेल्या, त्यांच्यावर पिवळा धूर उठत गेला, आणि मग धान स्थिर झालं. नवऱ्याने येऊन माझ्या मुठीतून दोरी सोडवली.

त्या संध्याकाळी ओसरीवर भांडण झालं. बाई म्हणाल्या, "आता कोनी जानार नाई. मी नाई, ही नाई, तुमी नाई."

"फुलं उघडी हायेत," भासरे म्हणाले. "चार महिने काम केलं. आता सोडलं तर सगळं पोचट."

"पोचट होऊ द्या."

"तुले काऊन समजत नाई? हे काही साधं धान नोहे. आपल्या आपन भरत नाई."

"मले समजते," बाई म्हणाल्या. "जनावराच्या तोंडापासून मी चार बांबूंवर होती. तुमी धुऱ्यावर होता."

भासऱ्यांनी सुपरवायजरला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. तो बिचारा घाबरला. म्हणाला, अन्ना, जान पहले. मग म्हणाला, फिमेल दो-तीन दिन रुकती है. मेल नहीं रुकता. मेल का फूल रोज खुलेगा, रोज खतम. भासऱ्यांनी फोन ठेवला.

वनखात्याची माणसं आली, बांदी पाहिली, दोन झाडांना कॅमेरे बांधले, शेतात उतरायला मनाई केली. एक दिवस कोणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सकाळचे दहा वाजले की भासरे उठून फाटकापर्यंत जायचे आणि परत येऊन बसायचे. मी भाजी निवडत असायचे आणि माझ्या मनात ती बांदी असायची, उन्हात, माणसाशिवाय, सगळी फुलं उघडलेली, पिवळी भुकटी सरळ खाली चिखलात पडणारी. आणि त्या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी ती.

तिसऱ्या सकाळी भासऱ्यांनी गावातले दोन गडी आणि एक ढोल आणला. माझा नवराही निघाला. बाई त्याला म्हणाल्या, "तू लहान हायेस, तुले तरी अक्कल पाह्यजे." तो म्हणाला, दादाला एकटा कसा सोडू. मला बोलायचं होतं ते चौघांसमोर बोलता येत नव्हतं. ते गेले.

आम्ही दोघी अंगणात बसलो. शेत दूर नव्हतं, ढोल घरापर्यंत ऐकू येत होता. सारखा, एका ठेक्यात. बाई तांदूळ पाखडत होत्या. ढोल वाजतोय तोवर सगळं ठीक, असं आम्ही दोघींनी न बोलता ठरवून टाकलं होतं. एक फेरी झाली असावी, दुसरी झाली असावी. मग ढोल थांबला.

बाईंचं सूप थांबलं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही. कुठेतरी कोंबडी ओरडली. मग ढोल पुन्हा सुरू झाला, पण ठेका नव्हता, कोणीतरी नुसता बदडत होतं, आणि त्यावरून माणसांच्या आरोळ्या. बाई उठल्या आणि अनवाणी धावल्या. मी मागून.

आमची चौघंही माणसं वाटेत भेटली, पण पाचवा माणूस खांद्यावर होता. खालच्या बांदीचे ते म्हातारे. ढोल ऐकून त्यांना वाटलं होतं, आता सगळे शेतात आहेत, जनावर पळालं असेल, आपण जरा पाणी काढून द्यावं. ते धुऱ्यावर वाकले होते. ढोलामुळे वाघीण आमच्या बांदीतून निघाली आणि खाली सरकली, त्यांच्या उशिरा निसवणाऱ्या, उंच, हिरव्या धानात. माझ्या नवऱ्याने सांगितलं की म्हाताऱ्यांचा आवाजसुद्धा आला नाही. भासऱ्यांनी धान हलताना बघितलं, कुऱ्हाड घेऊन ओरडत उडी टाकली, मागून बाकीचे गेले, तेव्हा तिने त्यांना सोडलं.

म्हातारे वाचले. सावलीला, तिथून चंद्रपूरला नेलं. खांदा गेला होता. पुढे हात कधीच वर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. रडत नव्हती. बाईंना म्हणाली, "तुमच्या ढोलानं ते आमच्या बांदीत आलं."

भासरे आत होते, त्यांना ऐकू गेलं असणार. ते बाहेर आले नाहीत.

बाई म्हणाल्या, "हो वो माय. आलं." त्या दिवसापासून म्हातारे घरी येऊन हिंडूफिरू लागेपर्यंत दोन्ही वेळचा स्वयंपाक बाई आमच्या चुलीवर करून त्यांच्या घरी पोचवत राहिल्या. म्हातारी डबा घ्यायची, बोलायची नाही. बरेच दिवस बोलली नाही. मग एकदा डबा परत देताना म्हणाली, तिखट कमी टाकत जा, त्याले चालत नाई. त्यानंतर बोलणं सुरू झालं, पण पूर्वीसारखं नाही.

कॅमेऱ्यातले फोटो वनखात्याच्या माणसाने मोबाइलवर दाखवले. आमच्या धुऱ्यावरून ती जाताना, आणि तिच्यामागे दोन बछडे. म्हणून ती बांदी सोडत नव्हती. धान उंच, पाणी जवळ, आणि दहा ते बारा सोडले तर कोणी येत नाही अशी जागा. पिंजरा लावला. ती आली नाही. कापणीच्या आधी ती आपल्या मनाने नाल्यापलीकडे गेली.

मेलच्या ओळी आधी कापून काढतात, बी मिसळू नये म्हणून. मग फिमेल उभी राहिली. भरलेली लोंब वाकते, रिकामी सरळ राहते. आमच्या लोंबा ना वाकलेल्या, ना सरळ. एक तोडून मी हातात घेतली. धानाची लोंब शेंड्याकडून फुलत खाली येते, रोज थोडी. शेंड्याला दाणे भरलेले होते, ते आम्ही दोघींनी दोरी ओढली त्या दिवसांचे. त्याखाली सगळं पोचट, बोटांत दाबलं की फुस्स. बुडाशी काही तुरळक दाणे होते. वाऱ्याने केलेले असतील, नाहीतर त्या शेवटच्या सकाळचे. मी दुसरी तोडली, तिसरी तोडली. सगळ्या तशाच. मी भासऱ्यांना त्या दाखवल्या नाहीत. त्यांनी पाहिलंच असेल.

म्हाताऱ्यांचं धान माझ्या नवऱ्याने आणि भासऱ्यांनी कापून, बांधून, मळून दिलं. ते मात्र भरघोस आलं होतं.

पुढच्या सालासाठी सुपरवायजर आला तेव्हा भासरे घरी असूनही बाईंनीच त्याला फाटकावरून सांगितलं, भाऊ, आमाले नाई पाह्यजे. त्यानेही आग्रह केला नाही. निघताना म्हाताऱ्यांच्या तब्येतीचं विचारून गेला. आता आमच्याकडे साधं धान असतं. ते आपलं आपण फुलतं आणि तासाभरात मिटतं, माणसाची वाट बघत नाही. तरी फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळी दहा वाजले की बाई शेताच्या वाटेला कोणालाही जाऊ देत नाहीत. भासरेसुद्धा आता वाद घालत नाहीत.

त्या दोन बछड्यांतली एक मादी होती. ती मोठी होऊन नाल्याच्या ह्याच पट्ट्यात राहिली, असं वनखात्याची माणसं सांगतात. ज्या धानात वाढली त्या धानाला ती बुजत नाही. ह्या साली गावाच्या वरच्या अंगाला दोन घरांनी एका दुसऱ्या कंपनीचं बियाणं घेतलं. दोन ओळी उंच, आठ ओळी बुटक्या. त्यातल्या एका घरची सून काल विहिरीवर मला विचारत होती, दोरी किती लांब लागते आणि ओढताना धुऱ्यावरून चालायचं की बांदीतून. मी सांगितलं धुऱ्यावरून. आणखी जे सांगायचं होतं ते सांगितलं, सगळं. ती ऐकत होती, पण कळशी भरत आली होती आणि तिचं लक्ष पाण्याकडे होतं. तिचं धान गर्भात आहे.